सव्वातीन मिलिमीटरचा श्यामकांत

तात्यापारा, रायपूर
८ फेब्रुवारी २००३

तीर्थस्वरूप शरच्चंद्रदादांना,

धाकट्या मावसभावाचा, म्हणजे यज्ञेश्वराचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन करा म्हणणाऱ्या डॉक्टरकडे जाणंच तुम्ही सोडलंत, हे वाचून बरं वाटलं (डॉक्टर आवडला नाही की बदलायचा, ही आपल्या घराण्याची जुनी रीत). वहिनींनी पाठवलेल्या सांडग्या मिरच्या पोचल्या आणि संपल्याही. शारदेने एक खाल्ली, मी दोन, आणि बाकीच्या आमचे साडू श्यामकांत यांनी दहीभाताबरोबर एका बैठकीत फस्त केल्या. वर म्हणाले, "तिखट नाही बाप्पा हे." आमच्या घरी आलेली चांगली वस्तू शेवटी याच गृहस्थांकडे कशी जाते, हाच या पत्राचा विषय समजा. मात्र मी जळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शारदा म्हणते जळतो. तिचं तुम्ही मनावर घेऊ नका.

श्यामकांत तुम्हाला आठवत असेल. (यापुढे मी त्याचं एकेरीतच लिहिणार आहे. एवढं तरी माझ्या हातात आहे.) शारदेच्या धाकट्या बहिणीचा, मीनलचा, नवरा. सिंचाई खात्यात बावीस वर्षं उपयंत्री, म्हणजे धाकटा इंजिनिअर, म्हणून कालव्याच्या काठाने सायकल हाणायचा आणि शनिवारी आमच्याकडे येऊन पेन्शनच्या गप्पा करायचा. तेव्हा माझं त्याच्यावर फार प्रेम होतं. मग रायपूर राजधानी झालं. अर्धे साहेब भोपाळला गेले, तेवढ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि श्यामकांत त्यांतल्या एकीवर जाऊन बसला. जीप आली, बंगला आला, बंगल्याला फाटक आलं, फाटकाला शिपाई आला. मी शिकवतो त्या कॉलेजला राजधानीचं एवढंच मिळालं की पाटीवर 'मध्यप्रदेश'च्या जागी 'छत्तीसगढ़' रंगवलं, आणि तेही रंग पुरला नाही म्हणून 'ढ' फिका राहिला. प्राणिशास्त्राच्या खोलीतला पंखा अजून भोपाळच्याच काळातला आहे. तरीही मी काही बोललो नाही. जीप, बंगला ही माणसाने माणसाला दिलेली वस्तू. माझं लक्ष दुसरीकडे होतं.

कुठे, ते तुम्ही जाणताच; पण वहिनी पत्र वाचतील म्हणून थोडं सांगतो. वाहत्या पाण्याच्या कडेला संध्याकाळी दिवा लावला की पाखरं येतात. त्यांत धुळीच्या कणासारखी एक जात असते, जिला लोक चिलट समजून झटकतात. ती चिलटं नव्हेत. फुलपाखरांच्या पंखांवर खवले असतात, यांच्या पंखांवर केस असतात, म्हणून मी त्यांना केसपंखी म्हणतो. नात्याने फुलपाखरांचे चुलतभाऊच. या केसपंख्यांतलं सगळ्यात चिमुकलं कुळ हायड्रॉप्टिलिडी, आणि चिमुकलं असूनही जाती मोजल्या तर गोतावळा सगळ्यात मोठा. अळी पाण्यात राहते, शेवाळाच्या धाग्याला तोंड टोचून रस पिते. पहिल्या चार अवस्थांत तिला ना घर ना दार, नुसती बारकी उघडी फिरते. पाचव्या अवस्थेत एकाएकी पोट सुटतं, आणि मगच ती रेशीम काढून वाळूचे कण चिकटवून चष्म्याच्या घरासारखं घर बांधते. (श्यामकांताची बढती झाली तेव्हा मला याच पाचव्या अवस्थेची आठवण झाली होती. पण हे त्याच्यापाशी बोललो नाही, त्याला ते कौतुक वाटलं असतं.)

आता यांची जात ओळखायची म्हणजे पंचाईत. वरून सगळे सारखे. नर पकडायचा, त्याचा शेपटाकडचा भाग क्षारात घालून पारदर्शक करायचा आणि तिथली आकड्यांची नि काट्यांची रचना पाहायची. तीवरूनच जात ठरते. मादी सापडली तर बहुधा 'जात माहीत नाही' एवढंच लिहायचं. हे मी शारदेला एकदा समजावून सांगितलं तर म्हणाली, "मग आमच्यात अन् त्यांच्यात फरक काय?" अठ्ठावीस वर्षं, दादा, मी हे नर गोळा करतो आहे. खारून नदी, महानदी, झाडून सगळे नाले. शंभरावर नळ्या भरल्या. एकूण एक नर आधीच कोणीतरी, कुठेतरी, बहुधा एखाद्या इंग्रजाने, नोंदवून ठेवलेला. नव्या जातीला बहुधा गोळा करणाऱ्याचं नाव देतात; माझ्या हातून नवा निघाला तर काय पडेल, ते मी एकोणीसशे पंचाहत्तर सालीच वहीत लिहून ठेवलं आहे: हायड्रॉप्टिला यज्ञेश्वरी. न्हाणीघरात म्हणूनही पाहायचो. शारदा बाहेरून म्हणायची, म्हशीचं नाव वाटतं. मला दुसरं काही नको होतं. मूलबाळ नाही, पुस्तक लिहिलं नाही, नावाची पाटीसुद्धा घरमालकाची. सव्वातीन मिलिमीटरच्या एका जिवामागे माझं नाव लागावं, एवढंच.

मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर माझी स्कूटर बंद पडलेली होती, म्हणून श्यामकांताच्या जीपमधून अभनपूरच्या पुढे एका नाल्यावर गेलो. दिवेलागणीला पांढरी चादर बांधली, जीपच्या बॅटरीवर दिवा लावला, खाली परातीत साबणाचं पाणी ठेवलं. श्यामकांताने शास्त्राला काय हातभार लावला, ते नोंदवून ठेवतो: घडीची खुर्ची मांडली, मीनलने दिलेली ठेठरी (इकडची बेसनाची कडबोळीच) खाल्ली, आणि दर पाच मिनिटांनी, "भाऊजी, झालं का? मच्छर चावून राहिले," असं विचारलं. अंगात पांढरा स्वच्छ शर्ट (साहेब झाल्यापासून पांढराच). चादर सोडून अर्धे किडे त्याच्या शर्टावर जाऊन बसले. किड्यांनाही अधिकारी कळतो. मी तोंडाने ओढायच्या काचेच्या नळीने ते त्याच्या पोटावरून एकेक टिपले.  घरी येऊन त्यांतला एक नर क्षारात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, सगळे कागद चाळले, असा आकडा कुठेच नव्हता.

घोटाळा चिठ्ठीने केला. नळीत स्पिरिट असतं आणि त्यात किड्यासोबत चिठ्ठी टाकायची असते: जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. साधा कागद लगदा होतो, म्हणून मी पत्रिकांचा जाड कागद वापरतो. आपल्याकडे पत्रिकेची कोरी बाजू कोणी वाया घालवत नाही; शारदा तीवर वाण्याची यादी लिहिते, मी किड्यांची. त्या वेळी हाताशी होत्या श्यामकांताच्या मुलाच्या, नीलच्या, मुंजीच्या पत्रिका. राजधानीतल्या साहेबांसाठी म्हणून त्याने दोनशे इंग्रजीत छापल्या होत्या आणि साहेब मुंजीला येत नसतात, म्हणून दीडशे आमच्याकडे येऊन पडल्या होत्या. दोन बोटांचा तुकडा कापला, मागच्या बाजूला लिहिलं, नळीत टाकला, आणि नळी तुमचे जुने विद्यार्थी कोलकात्याचे डॉ. हिरालालबाबू यांना पाठवली. सोबतच्या पत्रात 'रायपूर परिसरातला एक नमुना सादर' एवढंच लिहिलं. 'मी गोळा केलेला' हे विनयाने लिहिलं नाही. विनय हा फार वाईट गुण आहे, दादा. कोलकात्याला नळी पोचली तेव्हा चिठ्ठीवरची जागा आणि तारीख कशीबशी वाचता येत होती, माझं नाव साफ गेलं होतं (पेन्सिलीचं लिखाण कोणाच्या तरी हातून पुसलं गेलं असणार), आणि उलट्या बाजूला ठसठशीत छापलेलं उरलं होतं: श्यामकांत. हिरालालबाबूंनी सभ्य माणसाप्रमाणे अर्थ लावला की गोळा करणारा हाच.

गेल्या महिन्यात छापील लेख आला. जात खरोखर नवी निघाली. नाव हायड्रॉप्टिला श्यामकांती. मी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग शारदेला वाचायला दिलं. लेखाच्या शेवटच्या ओळीत माझेही आभार आहेत, पार्सल नीट बांधून पाठवल्याबद्दल.

मी गप्प बसलो असतो. पण मीनलचा फोन आला, "ताई, आता तर किड्यालेही यांचंच नाव!" मग कोणीतरी इथल्या एका हिंदी पेपरात बातमी दिली: 'अफसर ने खोजी दुर्लभ तितली'. वर श्यामकांताचा फोटो, शेजारी भलंमोठं मोरपंखी फुलपाखरू. तितली! अठ्ठावीस वर्षं वर्गात घसा कोरडा केला की यांच्या पंखांवर केस असतात, खवले नव्हेत. आणि आता इथल्या मराठी मंडळाने पुढच्या रविवारी त्याचा सत्कार ठरवला आहे. शाल, श्रीफळ, जेवायला श्रीखंड. मंडळाचे सचिव स्वतः घरी आले. मला वाटलं, झाला प्रकार कळला असेल. ते म्हणाले, "मास्तर, त्या किड्याबद्दल दहा मिनिटं तुम्ही बोला. आम्हाले कोणाले त्यातलं काहीच समजत नाही." म्हणजे त्याच्या सत्काराला त्याच्या किड्याची ओळख मी करून द्यायची! हो म्हणालो. मंडळींच्या तोंडावर नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगितलं की मी जळका ठरतो.

बरं, जळका तर जळका. आता लपवून काय होणार? माझा जळफळाट होतो आहे, दादा. जीप घेऊ दे, बंगला घेऊ दे, मिरच्या खाऊ दे. पण ते नाव माझं होतं. रात्री त्याच्या नावातला शेवटचा 'ती' डोळ्यांसमोर येतो आणि झोप उडते.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक घ्या. काही लागलं तर निःसंकोच कळवा, आमच्याकडून काही होणार नाहीच, पण कळवा.

आपला आज्ञाधारक (आणि सध्या निनावी)
यज्ञेश्वर

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलं. हिरालालबाबू तुमचा शब्द मोडणार नाहीत. त्यांना एक ओळ टाका की गोळा करणारा यज्ञेश्वर होता. छापलेलं नाव आता बदलत नाही, ते मला ठाऊक आहे (कायदा मीच पोरांना शिकवतो), पण पुढच्या अंकात दुरुस्ती छापता येते. सत्काराच्या आधी त्यांचं पत्र आलं तर फारच उत्तम. मंडळात मोठ्याने वाचायला बरं पडेल.

आणखी एक. पेन्सिलीचं लिखाण कोणी पुसलं असेल, असं वर लिहिलं आहे. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. पेन्सिलीचं लिखाण स्पिरिटमध्ये जात नाही. मी पेनाने लिहिलं होतं. पोरांच्या पहिल्या तासाला पहिलं वाक्य मी हेच सांगतो की स्पिरिटमध्ये शाई चालत नाही. पेन्सिल माझ्या खिशातच होती. पण श्यामकांताला खात्याकडून नवीन पेन मिळालं होतं, सोनेरी टोपणाचं, आणि तो ते आमच्या टेबलावर विसरून गेला होता. एकदा त्या पेनाने लिहून पाहावंसं वाटलं. जागा, तारीख साध्या हाताने लिहिली, आणि स्वतःचं नाव मात्र सावकाश, भरपूर शाई सोडून लिहिलं. हे हिरालालबाबूंना कळवायची गरज नाही.

शेवटचं. पाकीट चिकटवत होतो तर श्यामकांत आला. स्वतःच्या रविवारच्या भाषणाचा कागद त्याच्या हातात होता, पण तो पुढे करेना. म्हणाला, "भाऊजी, लोकं विचारून राहिले, किडा कसा हाय? मी तर पाहिलाच नाही. दाखवता का?" त्या नाल्यातले आणखी दोन नर माझ्याकडे आहेत, त्यांतला एक सूक्ष्मदर्शकाखाली लावला. तो वाकला. मी मनात म्हटलं, आता म्हणेल, कचरा दिसून राहिला. तो वाकलेलाच राहिला. शारदेने चहा ठेवला, तो निवला. पंखांची केसांची झालर, शिंगं, डोक्यावरचे केसांचे झुबके, त्याने सगळं पाहिलं. स्क्रू कसा फिरवायचा तेवढं विचारलं. मग मान वर केली. डोळ्यात पाणी होतं (एका डोळ्याने फार वेळ पाहिलं की येतं). म्हणाला, "इतके वर्ष हे तुम्ही एकटेच पाहून राहिले होते?"

अठ्ठावीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, दादा. शारदेनेही नाही, तुम्हीही नाही.  मी दुसरा नर लावून दिला.

तेव्हा हिरालालबाबूंना काही लिहू नका. निदान सत्कार होईपर्यंत तरी लिहू नका.