हरलेल्यांचा मान पहिला

प्रिय वन्सं,

काल निवड झाली. तुमच्याशिवाय झालेली पहिली निवड. झाली, आणि कशी झाली म्हणून सांगू! कालपासून ज्याला त्याला सांगत सुटले आहे. शेवटी तुमचे भाऊ म्हणाले, "अगं, मी तिथंच उभा होतो की! मला काय सांगतेस? जिला सांगायचंय तिला सांग." म्हणून कागद घेऊन बसले.

तुमचं सगळं आवरून तीन महिनेही झाले नाहीत, आणि मी रडायचं सोडून हसत हसत पत्र लिहिते आहे. रागावणार नाही ना? तुम्ही कशाला रागवाल! रडणाऱ्या मुलीला तुम्ही मैदानाला चक्कर मारायला पाठवायचात.

तुम्ही आमच्याकडे राहायला आलात तो दिवस आठवतो? एकलहऱ्याची वसाहत तेव्हा नवी होती, आणि माझा संसारही. मोठी नणंद कायमची राहायला येणार, नाशिकरोडच्या शाळेत व्यायामाच्या बाई आहेत, शिस्तीच्या आहेत, असं ऐकून मी दोनदा घर झाडून काढलं होतं. आणि तुम्ही रिक्षातून उतरलात त्या एका हातात ट्रंक आणि काखेत तो भला मोठा नारिंगी चेंडू घेऊन. "वहिनी, माझं काही नको बघा. याला तेवढी जागा द्या." दुसऱ्याच दिवशी तो माझ्या पिठाच्या डब्यावर आदळला. सगळ्या स्वयंपाकघरात पीठ! मी रडवेली झाले, आणि तुम्ही तो चेंडू उचलून दाबून पाहिलात. "हवा मस्त आहे हं अजून."

त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला होता म्हणून सांगू!

क्लबमागचं सिमेंटचं मैदान तेव्हा पोरांचं आणि शिफ्ट सुटलेल्या पुरुषांचं. तुम्ही मुलींसाठी सकाळ मागून घेतलीत. रात्रभर वीजकेंद्राच्या चिमण्यांची राख पडून मैदान गुळगुळीत झालेलं असायचं, पाय टिकायचा नाही. म्हणून मुली आधी खराटे घेऊन यायच्या आणि मग खेळायच्या. येणारे जाणारे म्हणायचे, "छान! झाडायची सवय लागली, आता सासरी काळजी नाही." तुम्ही हसून म्हणायचात, "तुम्हीही या, खराटा आहे एक जास्तीचा."

मग चार संघ केलेत, आपल्याकडच्या नद्यांच्या नावांचे. गोदा, दारणा, कादवा, गिरणा. आणि दरवर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी निवड. आठवीत आलेल्या नव्या मुली रेषेवर उभ्या राहायच्या. कप्तान पाळीपाळीनं पुढे यायची, नाव उच्चारायची नाही, हव्या त्या मुलीच्या हातात चेंडू ठेवायची. ती मुलगी चेंडू आपटत आपटत आपल्या संघाकडे जायची. वसाहतीतले लोक गंमत म्हणून बघायला जमायचे. "तांदूळ निवडतात तशा पोरी निवडतात," असं कुणीतरी म्हणालंही होतं.

पहिल्या वर्षी जिंकलेल्या संघानं आधी निवडलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. जिंकले ते आधी, हरले ते मागून, सगळीकडे तसंच असतं. गोदानं सगळ्या उंच मुली उचलल्या आणि वर्षभर बाकीच्यांना धुतलं. दारणाच्या मुली तर यायच्याच बंद झाल्या. पुढच्या वर्षी तुम्ही ते उलटं केलंत. सगळ्यात जास्त हरलेला संघ आधी निवडणार!

काय गहजब झाला होता! एक इंजिनिअरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो बाई, पहिला नंबर आला त्यांना शेवटी? हा कुठला न्याय?" तुम्ही म्हणालात, "पंगतीत वाढपी आधी कुठं धावतो? पान रिकामं दिसतं तिकडेच ना? भरल्या पानाला आग्रह मागाहून."  पण त्या बाईंची मुलगी गोदाची कप्तान होती, त्यांना कुठलं पटायला!

तुम्हाला एक गंमत सांगायची राहिलीच. मागच्या आठवड्यात तुमचे भाऊ पेपर वाचता वाचता ओरडले, "अगं, ही आपली ताई अमेरिकेला कधी जाऊन आली?" तिकडे म्हणे पगारी खेळाडूंचे बास्केटबॉलचे मोठमोठे संघ आहेत. दरवर्षी कॉलेजातल्या नव्या पोरांची निवड होते, मोठा समारंभ असतो, टीव्हीवर दाखवतात. आणि आधी पाळी कुणाची? हरलेल्यांची! बघा! तिथं कोट घातलेले लोक हे करतात, आणि आपल्याकडे तुम्ही नऊवारी खोचून करत होतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "असू दे. त्यांनाही सुचलं म्हणायचं."

पण मग तो सामना! तो त्यांच्याकडे झाला असेल का हो कधी?

मंदा येणार होती ते वर्ष. चांदवडकडच्या कांद्याच्या शेतातनं आलेली, वडील कोळशावर कामाला लागलेले. सातवीतच ती तुमच्याहून उंच होती. पुढच्या निवडीत ती रेषेवर उभी राहणार हे सगळ्या वसाहतीला माहीत होतं. शेवटचा सामना दारणा आणि कादवाचा. जो हरेल तो तळाला, आणि तळाला जाईल त्याला मंदा. झालं! कुणीच बास्केट करीना. दारणाची मुलगी चेंडू घेऊन थेट रिंगखाली गेली आणि कादवाच्या मुलीच्या हातात देऊन आली. तिनं घाबरून तो परत दिला. "तू टाक ना गं!" "मी का? तूच टाक!" एकीनं तर चेंडू खाली ठेवला आणि वेणी बांधायला घेतली. प्रेक्षकांतून कुणी ओरडलं, "अगं, अंडी घातली का त्यात?" माझी हसून हसून पुरेवाट झाली होती. तुम्ही मात्र हसत नव्हतात. सामना शून्य-शून्य सुटला.

मला वाटलं, आता मुलींची धडगत नाही.  पण निवडीच्या दिवशी तुम्ही मंदाला पुढे बोलावलंत आणि चेंडू तिच्याच हातात दिलात. "तू सांग, कुणाकडे जाशील?" मंदानं दारणाकडे पाहिलं, कादवाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ज्या हारायसाठी खेळल्या त्यांच्यात मला नाय जायचं, बाई." आणि गेली गिरणात. दोन्ही संघांच्या मुली माना खाली घालून उभ्या. त्या वर्षापासून तळाच्या दोन संघांत चिठ्ठी टाकायची असं ठरलं, आणि मुद्दाम हरण्यात फारसा अर्थ उरला नाही.

आता थोडं भांडते. भांडू ना? आपल्या वैशूच्या निवडीबद्दल तुमच्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, रेषेवर उभी राहिली आणि उभीच राहिली. सगळ्यांच्या हातात चेंडू गेला. शेवटी एकटीच उरली. मी तारेच्या कुंपणाला धरून उभी होते. सख्खी आत्या निवड घेतेय आणि पोरगी अशी! एका कप्तानाच्या कानात तुम्ही बोलला असतात तर काय बिघडलं असतं? घरी येऊन मी भांडी आपटली. तुम्ही म्हणालात, "वहिनी, मी सांगून तिला घ्यायला लावलं असतं, तर ती माझी निवड झाली असती. तिची कुठं?"  तेवढ्यात वैशू हात धुऊन आली आणि म्हणाली, "आई, शेवटची घेतली तरी घेतलीच ना? दारणाला माझ्याशिवाय पर्यायच नव्हता!" आणि तुम्ही दोघी हसायला लागलात. मी एकटीच रागावलेली राहिले. हे बरं नव्हे हं, वन्सं.

तीच वैशू आज दारणाची कप्तान आहे. उंची वाढली नाही ती नाहीच, पण चेंडू तिच्या हातून काढून दाखवा कुणी!

तुम्ही श्रावणात गेलात. काही न सांगता, शाळेत, मुलींची कवायत चालू असताना. आम्हाला निरोप आला तेव्हा मी तुमच्यासाठी साबुदाणा भिजत घालत होते. त्यावर आज जास्त लिहीत नाही.

दिवस झाल्यावर क्लबचे सेक्रेटरी साहेब भेटायला आले. चांगलं बोलले तुमच्याबद्दल. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, ताई होत्या तोवर ठीक होतं. आता मुलींचं कोण बघणार? मैदानावर बॅडमिंटनची जाळी टाकू म्हणतोय."  आतून वैशू बाहेर आली. "काका, एकदा निवड होऊ द्या. चारही संघ भरले नाहीत तर खुशाल टाका जाळी." साहेब हसले. "आणि निवड घेणार कोण?" "आई घेईल की!"

मी! माझ्या हातात बिस्किटांची बशी होती. ती पडायची बाकी राहिली.

खरी अडचण पुढे होती. नव्या मुलींना घरून सोडायलाच कुणी तयार होईना. आम्हाला कुठं माहीत होतं, वन्सं, की लोक खेळासाठी मुली पाठवत नव्हते, तुमच्या भरवशावर पाठवत होते! मग मी आणि मंदा दारोदार फिरलो. हो, मंदा. लग्न होऊन इथंच जवळ नांदते, कडेवर पोर घेऊन आली माझ्याबरोबर. एका घरी बाईंनी दारातच विचारलं, "बाई प्रत्येकीला घरापर्यंत सोडायच्या. तुम्ही सोडाल?" म्हटलं, "सोडेन." "तुम्हाला बास्केटबॉल येतो का?" म्हटलं, "नाही. पण घरी सोडता येतं."  तशा त्या आत वळून ओरडल्या, "सुनीऽ, रविवारी लवकर उठायचंय तुला." जिन्यात मंदा मला म्हणाली, "वहिनी, बाईंनीपण असंच म्हटलं असतं बघा." दिवसभराचा शीण गेला माझा.

आणि कालचा रविवार उजाडला. वन्सं, काय गर्दी! आधी खेळून गेलेल्या मुली आल्या, कुणी पोटुशी, कुणी नर्सच्या पोशाखात ड्युटीवरून थेट. नव्या मुलींची रांग रेषेवर मावेना, दोन रांगा कराव्या लागल्या. सेक्रेटरी साहेब खुर्ची टाकून बसले होते, जाळीसाठी खांब कुठे रोवायचे ते बघायला आल्यासारखे.

मी शिट्टी तोंडात धरली तर फुंकच निघेना.  कशीबशी वाजवली. चेंडू उचलला, आणि आयुष्यभराच्या सवयीनं जे तोंडात आलं तेच बोलले, "यंदा पहिल्या आलेल्या गोदा संघानं आधी यावं."

 आणि मग काय आरडाओरडा! "ओ वहिनी, उलटं! उलटं!" मुली ओरडल्या, त्यांच्या आया ओरडल्या. गोदाची कप्तान स्वतः दोन पावलं मागे सरली, "नाही काकू, आमची पाळी शेवटी!" त्या जुन्या इंजिनिअरबाई, आठवतात? कमरेवर हात ठेवून त्याच म्हणाल्या, "असं कसं, असं कसं!" आणि सगळ्यांच्या वर एक आवाज. सेक्रेटरी साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते, हात वर करून, "अहो वहिनी, काय करता? हरलेल्यांचा मान पहिला! ताईंचा नियम आहे तो!"

बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. सगळं मैदान त्यांच्याकडे बघत होतं. वैशू गालातल्या गालात हसत होती. साहेब खाली बसले, चष्मा पुसला.

वन्सं, मला तिथंच हसू आणि रडू एकदम आलं. माझी फजिती झाली आणि इतका आनंद मला कधी झाला नव्हता!

मग चिठ्ठी टाकली. दारणा आणि कादवात दारणाची निघाली. वैशूनं चेंडू घेतला. मला वाटलं, ही आता एखाद्या बुटक्या, चष्मेवाल्या पोरीकडे जाणार, माझे डोळे भरणार. कुठलं काय! सरळ रांगेतल्या सगळ्यात उंच मुलीच्या हातात चेंडू दिला. नंतर विचारलं तर म्हणते, "आई, मला जिंकायचंय यंदा." अगदी तुमची भाची.

निवड इतकी लांबली की साहेब न राहवून सल्ले द्यायला लागले. "अगं, ती डावरी घे, डावरी!" चारही संघ भरले. शेवटची मुलगी गोदाकडे गेली, टाळ्या पडल्या, आणि वैशूनं साळसूदपणे विचारलं, "काका, बॅडमिंटनचं काय?" साहेब म्हणाले, "जाळी काय, कुठंही बांधता येते गं." मग माझ्याकडे वळून, "सामने कधीपासून, वहिनी?" म्हणजे मीच ठरवायचं! येत्या रविवारपासून, असं सांगून मोकळी झाले.

तर तुम्हाला शब्द देते. नियम शिकायला घेतलेत. फाऊल आणि व्हायोलेशन यांत माझा अजून घोटाळा होतो, वैशू रोज परीक्षा घेते. पुढच्या दिवाळीनंतरही निवड होईल, त्याच्या पुढेही होईल, आणि मी शिट्टी घेऊन उभी असेन. चुकू नये असा प्रयत्न करीन. पण चुकलेच, तरी तुम्ही काळजी करू नका. सांगायला आता सगळं मैदान आहे.

तुमची,
वहिनी