पर्पेतुआला आलेला बूस्टर

१० जानेवारी, सोमवार
नव्या वर्षाचा पहिला आठवडा वाया गेला. हरकत नाही. आजपासून शिस्त. संकल्प एकच: बूस्टर.
फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बाकोलोदला नातीचा बाप्तिस्मा. पोर वेळेआधी झाली, अजून मांजराच्या पिल्लाएवढी आहे म्हणतात. मी पाहिलेली नाही. लेक जोवेलिनने काल फोनवर बजावलं, पपा, बूस्टर घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. मी हसलो. म्हटलं, अगं, आख्खी नोकरी मी बस टर्मिनलवर माइकसमोर काढली. कुठली गाडी कुठून सुटते हे गावाला मी सांगायचो. बूस्टर कुठे मिळतो हे मला कळणार नाही? दोन दिवसांचं काम. एकटाच फेरीबोटीने येईन, कुणी न्यायला यायची गरज नाही, हेही सांगून टाकलं.

१२ जानेवारी, बुधवार
जिमखान्यात गेलो. दाराला दोरी. वॉचमन म्हणाला, बूस्टर शाळेत. शाळेत गेलो. तिथला वॉचमन म्हणाला, इथे फक्त मुलांचं, म्हाताऱ्यांचं जिमखान्यात. दोघांनाही त्यांची चूक समजावून सांगितली. दोघांनीही ऐकून घेतलं नाही.
येताना फार्मसीसमोर एक जण म्हणाला, दुसऱ्या डोसनंतर सहा महिने लागतात. दुसरा म्हणाला, तीन. तिसरा म्हणाला, पहिले दोन ज्या कंपनीचे, तिसरा त्या कंपनीचा चालतच नाही. मी सगळ्याची बेरीज करून निष्कर्ष काढला: उद्या, जिमखाना, सकाळी. गल्लीत सगळ्यांना सांगितलं. लोकांना खात्रीशीर माहिती लागते.

१३ जानेवारी, गुरुवार
जिमखाना बंद होता. शेजारच्या मानांग (म्हणजे ताई) सालुद गुडघे दुखत असताना तिथवर चालत गेल्या आणि परत आल्या. आपल्या दुकानाच्या खिडकीतून मला ओरडल्या, मानोंग (म्हणजे दादा) तिकियो, तुमच्या तोंडाला आधी कुलूप घाला. मी शांतपणे सांगितलं की माहिती बरोबर होती, जिमखाना चुकला.
दुपारी कपाटात फोन वाजला. माझ्या बायकोचा, पर्पेतुआचा. मेसेज: पर्पेतुआ नुफाब्ले, आपला बूस्टर डोस घेण्याची वेळ झाली आहे, येणार असल्यास YES लिहा.
पर्पेतुआ सप्टेंबरमध्ये गेली. कुंपणापाशी शेवग्याचा पाला तोडत होती, डोक्यात रक्तस्राव झाला, टोपली हातातच. फोन मी चार्ज करत असतो, कारण नुसता पडून राहिला की बॅटरी मरते. यात भावनेचा काही भाग नाही.
मला मात्र मेसेज नाही. दोघांनी दोन्ही डोस एकाच दिवशी, खुर्चीला खुर्ची लावून घेतले होते. तिला मेसेज आणि मला नाही? ऑफिसचा गोंधळ.
YES लिहून टाकलं. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं, एवढं सौजन्य हवं.

१९ जानेवारी, बुधवार
तिला पुन्हा मेसेज. तारीख, वेळ, जागा सगळं. जुन्या मंडईचा वरचा मजला. पुन्हा YES लिहिलं. मला नाहीच.
मंडईत जाऊन त्यांची चूक दाखवून देणार आहे. जमलंच तर तिथल्या तिथे माझाही बूस्टर उरकून टाकीन.

२१ जानेवारी, शुक्रवार
मंडईत गेलो. पंखा होता, खुर्च्या होत्या, सगळं व्यवस्थित. म्हणजे बूस्टर आहे! माझा अंदाज बरोबर होता.
नंबरची वाट पाहत बसलो. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर टोपी ठेवली. एक बाई बसू का म्हणाल्या. मी म्हटलं, कुणीतरी येतंय. का म्हटलं कोण जाणे. सवय.
मग माइकवर नाव आलं. पर्पेतुआ नुफाब्ले. उठून सांगायचं होतं की हे असं असं आहे. पुन्हा नाव आलं. पर्पेतुआ नुफाब्ले, आल्या आहेत का? सगळे इकडे तिकडे बघायला लागले. मीही बघितलं. जिन्याकडे.
मग पुढचं नाव घेतलं.
माइक फारच वाईट होता. या विषयातला जाणकार म्हणून लिहितो, अक्षरं फाटत होती. म्हणूनच मला वेळेवर उठता आलं नाही. माझा नंबर लागायच्या आत घरी आलो, कारण तांदूळ भिजत घातले होते.

२५ जानेवारी, मंगळवार
मानांग सालुद आज आवाज खाली करून बोलत होत्या. म्हणजे प्रकरण गंभीर. काल संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी पर्पेतुआला पाहिलं म्हणे. कुंपणापाशी, शेवग्याखाली, तोच निळ्या फुलांचा गाऊन. उभी होती, पाला तोडत नव्हती, नुसती उभी. पाद्रीला बोलवा मानोंग, म्हणाल्या. तिचं काहीतरी राहिलंय.
मी भुतांवर विश्वास ठेवत नाही. तसं सांगितलंही.
इथे फक्त नोंद म्हणून लिहितो: काल संध्याकाळी वारा होता. दोरीवर तोच गाऊन हाताला लागला, खांद्यावर घेतला. जरा वेळ कुंपणापाशी उभा राहिलो. थंडी होती.
हे मानांगना सांगण्यात अर्थ नाही. गैरसमज व्हायचा.

२७ जानेवारी, गुरुवार
सकाळी पर्पेतुआच्या चपला दाराबाहेर ओल्या सापडल्या. मांजराचं काम असणार. मांजर आपल्याकडे नाही, पण गल्लीत आहेत.
(दुपारी.) माझ्या चपला कोरड्या होत्या. बहुतेक अंधारात पाय चुकीच्या जोडीत गेले. माप तिचं लहान, टाच बाहेर राहत असणार. तरी कळलं नाही मला. वय.

१ फेब्रुवारी, मंगळवार
मोठी बातमी. बारांगायचे, म्हणजे आमच्या वॉर्डाचे, कप्तान स्वतः घरी आले. त्यांचा लाऊडस्पीकरवाला ट्रायसिकल रिक्षा घेऊन फिरतो, पण त्याचा घसा बसलाय. म्हणाले, मानोंग, तुमच्यासारखा आवाज गावात दुसरा नाही, बूस्टरची घोषणा तुम्ही करा, कागद संध्याकाळी पाठवतो.
शेवटी माणसाची किंमत कळते. मध घालून आल्याचं पाणी प्यायलो. ते पर्पेतुआ करायची तसं झालं नाही. आलं जुनं होतं.

२ फेब्रुवारी, बुधवार
कागद आला नाही. पण पर्पेतुआच्या फोनवर मेसेज आला: ज्येष्ठांसाठी बूस्टर, मंगळवारी सकाळी, सान रोकेच्या चॅपलमध्ये. कागदापेक्षा हे खात्रीचं. पर्पेतुआकडून आलेली कुठलीही गोष्ट आजवर चुकलेली नाही.
तीन फेऱ्या मारल्या. काय आवाज लागला! टर्मिनल आठवलं. लोक दारात येऊन ऐकत होते. एक म्हातारी हात जोडून उभी होती.

८ फेब्रुवारी, मंगळवार
आजच्या दिवसाबद्दल थोडक्यात.
चॅपलमध्ये अंत्यविधी होता. माझ्या घोषणेने आलेली मंडळी बाह्या वर करून आत शिरली. मयताकडच्यांना वाटलं, पेटी उचलायला आलेत. एक आजोबा लाइन समजून पेटीपर्यंत पोचले, आत डोकावले, आणि क्रूसाची खूण करत मागे वळून म्हणाले, ह्याला उशीर झाला. मयताच्या विधवेलाच हसू आवरलं नाही, आणि मग ती फार रडली.
मी पाठीमागच्या बाकावर होतो. उठून निघायला हवं होतं. विधी संपेपर्यंत बसलो. पर्पेतुआच्या वेळी असं बसायला मिळालं नव्हतं, सप्टेंबरमध्ये दहा जणांनाच परवानगी होती आणि सगळं घाईघाईत उरकलं.
बाहेर कप्तान उभे होते. पुढचं लिहीत नाही.
घरी येऊन बघितलं तर तिच्या फोनवर आणखी एक मेसेज होता, शुक्रवारचा: स्थळ बदलले आहे. मी उघडलाच नव्हता. एकदम सगळे वाचून संपवायचे नसतात.

१४ फेब्रुवारी, सोमवार
जोवेलिनचा फोन. झालं का पपा? मी म्हटलं, झाल्यातच जमा. ती म्हणाली, झाल्यातच जमा म्हणजे काय? मी म्हटलं, इकडे यंत्रणेत गोंधळ आहे. मग म्हणाली, पपा, तुम्हाला यायचंय ना?
हा काय प्रश्न झाला.
उद्या थेट आरोग्य केंद्रात. सोक्षमोक्ष.

१७ फेब्रुवारी, गुरुवार
उद्या म्हटलं होतं, आज गेलो. वेळ लिहितो: सकाळी नऊ.
कॉम्प्युटरवर ग्लायझा नावाची नर्स. मुलगी चांगली. नाव विचारलं. एउतिकियो नुफाब्ले. तिने टाइप केलं, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे. म्हणाली, मानोंग, जरा मास्क खाली करता का?
केला.
मग ती हळूच म्हणाली, मानोंग, तुम्ही सप्टेंबरमध्ये वारलात.
मागच्या बाकावरचं कुणीतरी एक जागा सोडून पलीकडे सरकलं.
मी म्हटलं, हे शक्य नाही, मी रोज जेवतो. ती म्हणाली, इथे असंच आहे. पर्पेतुआ नुफाब्ले हयात. बूस्टरला दर वेळी येते म्हणून कळवतात, येत मात्र नाहीत. तुमच्या मिसेस का? त्यांना सांगा ना एकदा येऊन जा म्हणून.
सांगतो, म्हटलं.
खरंच म्हणालो मी तसं. निघालो आणि घरी आलो. आपल्याला मेसेज का येत नव्हते, त्याचा छडा लागला. माझा पहिल्यापासूनचा संशय बरोबर होता: गोंधळ ऑफिसचाच.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार
दुरुस्ती सोपी आहे. जाऊन सांगायचं, तो मी नव्हे, ती. एक वाक्य.
आज पाऊस होता.

२१ फेब्रुवारी, सोमवार
आज पाऊस नव्हता. पण विचार केला, घाई कशाला? मेलेल्या माणसाला काही फार अडत नाही असं दिसतं. भाजी मिळते, मानांग सालुद भांडतात. आणि तिकडे त्यांच्याकडे ती आहे. हयात. दर वेळी येते म्हणून कळवते.
असंच राहिलं तर कुणाचं काय बिघडतं?
दुपारी मानांगनी भात आणि सुकी मासळी आणून दिली. खिडकीतूनच ताट सरकवत म्हणाल्या, मानोंग, कुंपणापाशी तुम्ही होता ना? मी ताट आत घेतलं. त्या म्हणाल्या, परवा पुन्हा उभे होता, टाचा दिसल्या मला. पर्पेतुआच्या टाचा इतक्या भेगाळलेल्या नव्हत्या. मग म्हणाल्या, उद्या मीच येते तुमच्याबरोबर, मलाही अजून बूस्टर कुठे मिळालाय, तुमच्या कृपेने.

२२ फेब्रुवारी, मंगळवार
गेलो. मानांग पूर्ण रस्ताभर बोलत होत्या, आत गेल्यावर गप्प.
ग्लायझा म्हणाली, मानोंग, मिसेस आल्या का? मानांगकडे बघून म्हणाली. मानांग म्हणाल्या, मी शेजारीण, देवाची कृपा. आणि मला कोपराने ढोसलं.
मी सांगितलं, चूक झाली आहे. ती म्हणाली, काय चूक? सांगितलं, उलटं झालंय. ती म्हणाली, मानोंग, मास्कमधून ऐकू येत नाही, गेलं कोण ते नाव नीट सांगा, मला टाइप करायचंय.
मग आवाज लावला. लावला म्हणजे लागला. पर्पेतुआ नुफाब्ले. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. आख्खा हॉल ऐकत होता. सप्टेंबरची तारीखही सांगितली. तशी ती मी कुणाला अजून सांगितली नव्हती, लोकांना ठाऊकच होती.
ग्लायझाने टाइप केलं. एक बटण दाबलं. म्हणाली, झालं, आता तुम्ही आहात.
सुई टोचली ते कळलंही नाही. मानांगना मात्र कळलं, त्या आरोग्य केंद्र दणाणून सोडत होत्या.

२३ फेब्रुवारी, बुधवार
ताप. दंड सुजलाय. अपेक्षितच होतं, ताप म्हणजे लस काम करते. कपाळावर ओला रुमाल स्वतःच ठेवला, स्वतःच बदलला. घसरून डोळ्यांवर येतो.
रविवारची पूर्ण तयारी: इस्त्रीचा शर्ट, शनिवारची दहाची फेरीबोट, बाळासाठी दुलई. ठरल्याप्रमाणे सगळं वेळेत. मी म्हटलंच होतं, दोन दिवसांचं काम.

२४ फेब्रुवारी, गुरुवार
जोवेलिनचा फोन. पाद्रीला कोविड झाला. बाप्तिस्मा रद्द. पुढे उपवासाचा काळ, त्यात करत नाहीत, म्हणजे आता ईस्टरनंतर. तिच्या ऑफिसात कुणीतरी म्हणत होतं की तोवर ज्येष्ठांना चौथा डोस लागेल. खरं का पपा, म्हणाली, तुम्हाला काही माहिती?
मी म्हटलं, नाही. मला काही माहिती नाही.
तिकडे पोर रडत होती. आवाज फार बारीक, पण खणखणीत. फोन तिच्या जवळ नेतेस का, म्हटलं. तिने नेला. मी बराच वेळ ऐकलं.
मग म्हणालो, बाप्तिस्मा राहू दे. मला नुसतंच यायचंय.
या ना, पपा. दहाची फेरी आहे ना?
आहे. मी बसून राहिलो. दंड दुखत होता. कपाटातल्या फोनचा गेले दोन दिवस काही आवाज नाही.
म्हटलं, तू न्यायला ये.