तलावातले नऊ बिनवर्गणीचे सभासद

ती. मामांच्या पायांवर डोकं ठेवून भाच्याचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता वाकायला लागला असं आईकडून कळलं, फार बरं वाटलं. (तुमचं बाकी काहीच आयुष्यात कधी वाकलं नाही, त्यामुळे आम्हा सगळ्यांना त्या गुडघ्याचीच काळजी होती.) मामींचा खोकला कसा आहे? तुमच्या बागेतल्या हौदाला नवा बांध घातलात का? तुम्ही मोठ्या मनाने पाठवलेल्या ड्रमभर लिली आमच्या फाटकाजवळच्या कुंडात चांगल्या रुजल्या आहेत. तुम्ही सोबत पाठवलेली पितळी पाटीही (‘सप्रेम भेट’ आणि खाली तुमचं पूर्ण नाव) मी रोज पुसतो. लिलींबद्दल सविस्तर शेवटी लिहितो.

मीही ठीक आहे. उजव्या अंगठ्याला बारीक टोचल्याच्या दोन ओळी आहेत, म्हणून अक्षर जरा तिरकं येतंय. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

तुम्ही मला या पोहण्याच्या तलावावर व्यवस्थापक म्हणून चिकटवलंत तेव्हा एकच उपदेश केला होता: ‘तोंडी काही बोलायचं नाही. असेल ते लिहायचं आणि फळ्यावर लावायचं.’ चौतीस वर्षं हेडक्लार्की केलेल्या माणसाचा शब्द, तो मी शिरोधार्य मानला. इथल्या फळ्यावर परवापरवापर्यंत एकवीस सूचना होत्या. पाण्यात शिंकरू नये. पायरीवर बसून भांडू नये. दुसऱ्याच्या टॉवेलने अंग पुसल्यास तो वाळवून परत करावा. शेवटची सूचना होती, सूचना वाचाव्यात. तोपर्यंत कोणी एकही वाचली नव्हती आणि म्हणूनच संस्था सुरळीत चालली होती, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

साधारण दीड महिन्यापूर्वी, दुपारी तलाव रिकामा असताना, कडेच्या पन्हाळीत मला एक साप दिसला. बोटाएवढा जाड, हातभरही नाही, पिवळट अंगावर काळ्या चौकड्या. हनुवटी फरशीवर टेकवून तो असा पडला होता, जणू वर्षाची वर्गणी भरून आला आहे. दुसऱ्या दिवशी तीन दिसले, आठवड्याने नऊ. आमचे पोहण्याचे मास्तर म्हणाले, ‘दिवड आहेत साहेब, पाण्यातले. विष नाही. बेडूक खातात, खाऊ द्या.’ दिले खाऊ. फिल्टरच्या खोलीतलं डरांव डरांव थांबलं आणि तीन आठवडे कोणाला पत्ता लागला नाही. कारण आमचे निम्मे सभासद चष्मा कपाटात ठेवून पाण्यात उतरतात. सकाळच्या तुकडीतल्या एका काकूंनी तर एकाला दोनदा हाताने बाजूला सारून ‘आपल्या पट्ट्यात पोहा’ असं बजावल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला तुमची शिकवण आठवली. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘तलावात वावरणारे लहान साप बिनविषारी आहेत. तरी सभासदांनी घाबरू नये.’ आणि फळ्यावर लावलं. बाविसावी सूचना. आयुष्यात पहिल्यांदा माझी सूचना सगळ्यांनी वाचली, तीही ओल्या अंगाने. कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा पाण्यात एकतीस माणसं होती. पुढच्या क्षणी पाण्यात फक्त साप होते. दोन वर्षं उथळ बाजूची दांडी धरून उभी राहणारी तीन मोठी माणसं तलावाची अख्खी रुंदी पोहून पलीकडे गेली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘साहेब, सगळे काढू नका हो,’ ते माझा हात धरून म्हणाले, ‘दोन तरी ठेवा. माझा जन्म गेला शिकवण्यात, असा निकाल कधी लागला नव्हता.’

मग समिती बसली. अध्यक्षांना सगळे ‘न्यायमूर्ती’ म्हणतात, तुम्ही ओळखताच. (ते कोर्टात होते हे खरं, पण दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायचे. आवाज तेव्हापासूनचा आहे, निकाल द्यायला इथे लागले.) मला वाटलं, साप कसे काढायचे यावर चर्चा होईल. छे! चर्चा झाली ती व्यवस्थापकाने ‘बिनविषारी’ हा शब्द कोणाच्या अधिकारात वापरला यावर. दोन तास. मी गावातल्या सर्पमित्राला बोलावलं. त्याने एक दिवड उचलला, सर्वांसमक्ष स्वतःच्या बोटाला चावू दिला, रक्त पुसलं आणि चहा प्यायला. न्यायमूर्ती म्हणाले, ‘यांना सवय आहे. हा पुरावा धरता येत नाही.’ ठराव झाला की ज्याने विधान केलं त्यानेच ते सिद्ध करावं. सर्वानुमते. (मला मत नाही.)

मामा, मला कार्यालयातल्या खुर्चीत बसवलं. वैद्यकीय देखरेखीला समितीतले डॉक्टर होते, ते दातांचे. दिवड बिचारा पोटभर जेवून आलेला, त्याला माझ्यात काही गोडी वाटेना. तो माझ्या बाहीत शिरून झोपायला बघत होता. ‘अंगठा जरा आत सरकवा,’ दातांचे डॉक्टर म्हणाले, ‘आ करा’ म्हणतात त्याच सुरात. शेवटी कंटाळून तो चावला. मग संध्याकाळपर्यंत समिती माझ्याकडे बघत बसली. कोणी मधूनच ‘जीभ जड होतेय का?’ असं मोठ्या आशेने विचारी. साडेपाचला मी उठून दिवे लावले तेव्हा खोलीत जी निराशा पसरली तिचं वर्णन करवत नाही. डॉक्टरांनी अहवाल लिहिला: ‘व्यवस्थापक जिवंत आढळले.’

वाटलं, सुटलो. पण न्यायमूर्तींनी घसा साफ केला. म्हणाले, साप विषारी नाहीत हे सिद्ध झालं, आता ते आले कुठून हे सिद्ध व्हायचं आहे. साप आपणहून संस्थेत येत नसतात, कोणीतरी आणतं. (पंचवीस वर्षं ते अध्यक्ष आहेत, त्यांना अनुभव असणार.) शुक्रवारपर्यंत मी चौकशीचा अहवाल द्यायचा. आणि साप मागच्या ओढ्यात सोडायचे नाहीत, ते परत येतील. दुसऱ्या गावातल्या, स्वतःचा पाणसाठा असलेल्या एखाद्या जबाबदार गृहस्थाने लेखी स्वीकारले पाहिजेत. दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत तर तो माझा निष्काळजीपणा. आणि याच महिन्यात मला कायम करण्याचा कागद न्यायमूर्तींच्या टेबलावर आहे. गेली तीन वर्षं हंगामी आहे मामा, मुलीकडचे लोक मला भेटायला येतात ते फक्त हा शब्द ऐकून परत जायला.

असो. तुम्हाला त्रास द्यावा म्हणून हे लिहिलेलं नाही. तुमच्याकडून मला काही नको. मन मोकळं झालं, पुरे. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. हे पत्र आणणाऱ्या टेम्पोवाल्याकडे एक निळा ड्रम आहे. झाकणाला भोकं पाडलेली आहेत. आत नऊ जण असून सगळे शांत स्वभावाचे आहेत. ड्रम तुमच्या हौदाशी उतरवून घ्यावा. सोबतच्या कागदावर ‘स्वेच्छेने स्वीकारले’ असं छापलं आहे, त्याखाली फक्त सही हवी. टेम्पोवाला सही घेतल्याशिवाय हलणार नाही, त्याला तसं लिहून दिलं आहे.

ता. क. २. लिलींबद्दल लिहायचं राहिलं. चौकशीसाठी काल कुंड उपसलं. मुळांच्या चिखलात, तुमच्याच गोणपाटात (त्यावर तुमच्या अक्षरात ‘जपून उतरवा’), फुटलेल्या अंड्यांची चामड्यासारखी टरफलं निघाली. सर्पमित्राने मोजली. नऊ. अहवालात मी तूर्त ‘उगम अज्ञात’ असं लिहिलं आहे, पेन्सिलीने. ड्रम सहीशिवाय परत आला तर पेन घ्यावं लागेल, आणि असेल ते लिहून फळ्यावर लावायची सवय तुम्हीच मला लावलीत. पितळी पाटी अजून जागेवरच आहे, न्यायमूर्तींना चष्म्याशिवायही वाचता येते. होकाराला नुसती सही पुरे, नकार मात्र सविस्तर लेखी कळवावा.

ता. क. ३. सर्पमित्र म्हणतो, अंड्यांबरोबर आईही आली असणार, ती राखण करते. तशी एक चांगली कमरेइतकी लांब दिवड मास्तरांनी पाहिली होती, कुंडामागे पडलेल्या तुमच्या रिकाम्या ड्रमात शिरताना. हा तोच ड्रम, जो तुम्ही तीन पत्रं लिहून परत मागवलात आणि मी पंधरा दिवसांपूर्वी झाकण घट्ट लावून पाठवला. मामींनी त्यात रजया भरून ठेवल्याचं आई म्हणत होती. तेव्हा आई तिकडे आणि लेकरं इकडे हे काही माझ्या मनाला पटेना, म्हणून ही पाठवणी. रजया काढताना मामींना मात्र पुढे करू नका. तुम्हीच वाकून बघा, तुमचा गुडघा आता वाकतो.