दहापैकी दोन

मंगळवार, ११ फेब्रुवारी. शिरगाव.

बाबा गेल्यानंतर आज पहिल्यांदा अंबरनाथला लॅबमध्ये गेले. वेदनाशामकाची चाचणी होती. उंदीर गरम प्लेटवर ठेवायचा, त्याने मागचा पंजा चाटला की स्टॉपवॉच थांबवायचं. सोबतचा गोपाळ म्हणाला, "मॅडम, उंदीर बरा. किती दुखतंय विचारायला नको, आणि तो खोटंही बोलत नाही." मी हसले.

घरी आल्यावर आईला ते सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"तुझे बाबा तरी कुठे खोटं बोलले? तू रोज विचारायचीस, दहापैकी किती. तू गेलीस की मला म्हणायचे, आज पण दोनच मिळाले गं. नापास."

मिळाले?

म्हणजे ते मार्क सांगत होते. किती सहन होतंय, त्याचे मार्क. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, दहापैकी म्हटल्यावर दुसरं काय समजणार? आणि मी वहीत लिहायचे, दुखणं दोन, म्हणजे फारसं नाही. डॉक्टरांनाही फोनवर तेच सांगायचे. डोस वाढला नाही. ते गादीवर टाचा घासायचे, हे मला दिसत होतं. पण आकडा दोन होता ना. टाचा मी हिशेबात धरल्याच नाहीत.

आईला अजून कळलेलं नाही.

शेवटच्या सकाळी ते शून्य म्हणाले. मी त्यांच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "छान, बाबा."