चाळीस प्रवाशांचा एकच धीर

ऑस्लो, मार्चअखेर

प्रिय ओशिल्ड हिला जुन्या टेबलशेजाऱ्याचा मनापासून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? ट्रोम्सोत अजून स्की करतेस असं ऐकलं, म्हणजे ठीकच असणार. माझे कान गेलेत, तोंड मात्र शाबूत आहे.

परवा नात इंगुन आली. कॉलेजात प्रोग्रामिंगमधले क्लास आणि ऑब्जेक्ट शिकवतायत, तिच्या काही डोक्यात शिरेना. मी वाफल भाजत होतो (करपले), तरी छाती फुगवून म्हणालो, "अगं, हे आम्ही संगणकाच्या कार्डांना भोकं पाडून करायचो!" आणि सदुसष्ट साली आपण संगणकात चालवलेली ती लुटुपुटूची फेरीबोट काढली. प्रवासी कसा असतो, कुठं जातो, धीर किती धरतो, हे एकदाच लिहून ठेवायचं, तो क्लास. त्याबरहुकूम एकेक प्रवासी उभा करायचा, तो ऑब्जेक्ट. ज्याचा त्याचा धीर वेगळा. (एका म्हाताऱ्याला तू आपल्या साहेबांचा धीर दिला होतास. तो तिकीट काढायच्या आधीच भडकायचा.) पोरीला चटकन समजलं. मग म्हणते कशी, "आजोबा, तुमचं कधी चुकलंच नाही?"

चुकलं होतं. बोट कंपनीचे पाहुणे आले त्या दिवशी रांगेत चाळीस प्रवासी होते. एकाचा धीर सुटला आणि चाळीसही जण घरी गेले! रिकामी बोट निघाली. कारण मी प्रवासी एकच उभा केला होता आणि रांगेत त्यालाच चाळीसदा लावला होता. पाहुणे पोट धरून हसले. साहेब तुझ्याकडे वळले, "काय हो बाई, कार्डं उलटसुलट लावलीत ना?" मी खाली मान घालून पेन्सिलला टोक काढत बसलो. महिन्याभरात तुला त्या कामावरून काढलं, वर्षात तू उत्तरेला गेलीस.

त्यानंतर मी पुष्कळ मोठी यंत्रं पाहिली. पण ती थंडगार खोली, डब्यातलं तपकिरी चीज, एकेका प्रवाशाला नाव ठेवताना तुझं ते खिदळणं, तसं सुख पुन्हा लाभलं नाही. फार आठवण येते.

तुझा,
तोर्लेइफ

ता. क. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जुन्या मंडळींचा मेळावा आहे. ती चूक माझी होती, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू यावंस.

ता. क. दुसरा. इंगुननं पत्र वाचलं. म्हणाली, "आजोबा, एवढं लिहिलंत, पण माफी कुठं मागितलीत?" खरंच की. माफ कर, ओशिल्ड.