गेळाच्या फळांविषयीचे एक वाक्य

बाबा, तुम्हांला पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. तुम्हांला वाचता येत नसे, आणि बोलताना मी तुम्हांला 'तू'च म्हणत असे. कागदावर मात्र हात तसा धजत नाही. तुम्हांला जाऊन अकरा वर्षे होत आली. मी आता मुरबाडला मुलींच्या शाळेत शिकवते.

शहापूरकडच्या आपल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला एका शेठने कातडी कमावण्याचा कारखाना काढला होता. चुन्याचे आणि हिरड्याचे काळे पाणी तो सरळ ओढ्यात सोडी. ते पिऊन आपली दुभती म्हैस आणि गावातली आणखी चार जनावरे मेली, तेव्हा गावाने तुम्हांला पुढे करून कल्याणच्या कोर्टात दावा लावला. वकिलांनी हकीकत लिहून मागितली. मी नुकतीच सातवीला तालुक्यात पहिली आले होते, म्हणून ते काम माझ्याकडे आले. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही उंबऱ्यावर बसून सांगता आहात, मी लिहिते आहे. दर चैत्रात आपण डोहात गेळाची फळे ठेचून टाकतो, मासे गुंगून वर येतात, आणि दोन दिवस जनावरे दुसऱ्या पाण्यावर नेतो, तेही लिहू का, असे मी विचारते. तुम्ही म्हणता, "ता नको लिवू गो. ता आपल्या गावातला हाय, कोर्टाला काय करायचाय?" मी मान डोलावते.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ प्रत करताना मी ते वाक्य घातलेच. इतकी वर्षे गेळ टाकूनही एक जनावर दगावले नाही, तेव्हा दोष कारखान्याचाच. भूमितीतल्या सिद्धतेसारखे ते मला निर्दोष वाटले. वकिलांनी हकीकत तशीच दाव्याला जोडली.

कोर्टात शेठच्या वकिलांनी नेमके तेच वाचून दाखविले. "म्हणजे पाण्यात विष तुम्हीच घालता?"

"इख नाय साहेब, गेळ. मासं झोपतात."

"मग तुमची म्हैसही झोपलीच असेल!" सारे हसले. "हे तुम्हीच लिहविलेत ना?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. "होय साहेब. मीच सांगितला, पोरीनं लिवला."

जनावरे कोणत्या पाण्याने मेली हे ठरविता येत नाही, म्हणून दावा फेटाळला गेला. आटगाव स्टेशनावर उतरून गावाकडे चालताना मागून गावातलाच एकजण म्हणाला, "मासं खायाची हौस, आन् वर कोर्टात सांगायची पन हौस!" तुम्ही मागे वळला नाहीत. त्याच थंडीत तापाने गेलात.

यंदा इथल्या एका वृद्ध वकिलांकडून कायद्याचे पुस्तक वाचावयास आणले. त्यात स्पष्ट लिहिले आहे की, ओढ्याकाठच्या प्रत्येकाला वरून येणारे पाणी निर्मळ मिळण्याचा हक्क आहे, आणि दुसरेही कोणी ते नासवीत होते ही सबब उपद्रव करणाऱ्याला चालत नाही. माझे वाक्य असूनही दावा टिकावयास हवा होता. आपल्या वकिलांनी हे म्हटलेच नाही, आणि मला ते ठाऊक नव्हते. पुन्हा दावा लावता येईल का, असे मी चाचरत विचारले. ते म्हणाले, "बाळ, अपिलाची मुदत केव्हाच गेली. निकाल लागलेली गोष्ट पुन्हा उकरता येत नाही." मी पुस्तक परत केले. ओढा अजून काळाच वाहतो.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. बायका आता पाण्याला लांबच्या विहिरीवर जातात. तिथे शेजारच्या काकी दोर ओढता ओढता म्हणाल्या, "तुज्या बापाच्या जिभेनं घालवला गो आपला ओढा." ते वाक्य माझे होते, तुम्ही नको म्हटले होते, एवढेच सांगावयाचे होते. विहिरीवर चारच बायका होत्या. मी म्हणाले, "होय काकी."

पत्र घडी करून पेटीत ठेवते. शनिवार, ता. ९ मार्च १९४६, सकाळी सव्वानऊ.