आर्विडने निवडलेला टॅकल

ओहायो,
२ फेब्रुवारी १९७१

ती. सिग्नेताईस,

सा. न. वि. वि.

तुझ्या नॉर्बी गावचा लॉवेल ब्राटेन आमच्या व्यावसायिक संघाने उचलला! हो, तोच. पेडर ब्राटेनचा धाकटा, ज्याला हाल्वरदाजींनी गोठ्यातून ओढून आणून शाळेच्या फुटबॉल संघात उभा केला होता. गेल्या आठवड्यात नव्या खेळाडूंची निवड झाली. तिसऱ्या फेरीत आमची पाळी आली, तेव्हा आमचे मुख्य प्रशिक्षक हॅलोरनसाहेब यांना टेक्सासचा कुणी चेंडू घेऊन पळणारा हवा होता. मी टेबलावर हात आपटला. मी, ताई! साहेबांनी लॉवेलचं नाव पुढे पाठवलं.

पोरगा बघ कसा आहे ते. साडेसहा फूट उंच, दोनशे सत्तर पौंड, आणि पाय टाकतो मांजरासारखे. हात लांब. बाकीचे कमरेत वाकतात आणि तोंडावर पडतात, हा गुडघ्यात वाकतो. चेंडू फेकणाऱ्याच्या डाव्या अंगाला उभं राहून येणाऱ्याला अडवायचं, हे टॅकलचं काम शिकवून येत नाही, आणि याला ते येतं. मी दोन हंगाम याच जागेवर खेळलो आणि पाय जड म्हणून घरी पाठवला गेलो. त्यामुळे कुणाचे पाय जड आहेत आणि कुणाचे नाहीत, हे मला कळतं बाई.

एक आगाऊपणा मात्र केला. सप्टेंबरात हा संघात नसला, तर माझीही जागा रिकामी समजा, असं भर बैठकीत बोलून बसलो. हॅलोरनसाहेब बायकोचा वाढदिवस विसरतात, पण असलं वाक्य विसरत नाहीत. काळजी करू नकोस. असा टॅकल दहा वर्षांत एकदा मिळतो.

घरी मार्लिस आणि पोरी मजेत. लोभ आहेच, तो वाढवायला तुझं एक पत्र पुरे.

तुझा,
आर्विड


नॉर्बी, मिनेसोटा,
१५ फेब्रुवारी १९७१

चि. आर्विड यास,

सिग्नेताईचे अ. उ. आ.

टेबलावर हात आपटलास म्हणे! लहानपणी कोंबड्यांना हुसकावताना तुझा आवाज फुटत नव्हता, आणि आता मोठ्या साहेबांसमोर हात आपटतोस. बाहेर फार वर्षं राहिलास की असं होतं.

तुझी बातमी तुझ्या पत्राआधी इथे पोचली. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफीला सगळं गाव जमलं, पण कुणी तो विषय काढला नाही. शेवटी शेजारच्या बोर्गहिल्डनेच पेडरला विचारलं की मुलगा कुठेतरी नोकरीला लागला म्हणे. तर पेडर म्हणाला की हो, बघू किती दिवस ठेवतात. एवढं बोलून त्याने तिसऱ्यांदा बटाट्याची लेफ्सा पोळी घेतली, आणि तिसऱ्यांदा घेतो म्हणजे आनंदाने वेडा झालाय हे मला कळलं.

लॉवेल गुणी आहे, यात शंका नाही. ह्यांचा जीव होता त्याच्यावर. पण एक सांगून ठेवते. तो आपल्या नॉर्वेजियन लोकांतला आहे, चारचौघांपेक्षा जरा जास्तच. कॉफी तीनदा विचारल्याशिवाय घेत नाही, आणि तुमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा विचारत नसेल. त्याला ताटात वाढत जा, नाहीतर दोनशे सत्तर पौंडांचा माणूस उपाशी झोपेल.

आणि तुझ्या त्या वाक्याबद्दल मार्लिसला सांगितलंस का? नाहीच सांगितलंस. तू गप्प बसलास की मला इथे बसून कळतं. घर घेऊन दोन वर्षं झाली नाहीत, पोरी शाळेत रुळल्यात, आणि तू आपली जागा दुसऱ्याच्या पायांवर लावून बसलास. पोरगा चांगला आहे म्हणून रागावत नाही. पण तिला सांग.

इथे थंडी उणे तीस. गाई बऱ्या आहेत, मीही. लोभ असू दे, आणि पायांत लोकरी मोजे असू देत.

तुझी ताई,
सिग्ने


सरावाचा तळ, ओहायो,
४ ऑगस्ट १९७१

ती. सिग्नेताईस,

सा. न. वि. वि.

या पत्राबरोबर फिल्मची एक रीळ पाठवतोय. दाजींचं प्रोजेक्टर अजून चालतं ना? बावीस वर्षं दर रविवारी ते तूच चालवलंस, म्हणून तुलाच विचारतोय. काय झालंय ते सांगतो.

लॉवेल रोज मार खातोय. आमच्या बचावाच्या फळीत डेल्मर प्रूइट म्हणून जॉर्जियाचा एक जुना गडी आहे. दहावं वर्ष, गुडघे गेलेले, पोट सुटलेलं. सरावात तो लॉवेलच्या समोर उभा राहतो, आणि गेले तीन आठवडे लॉवेलला लहान मुलासारखा खेळवतोय. आम्ही चेंडू फेकणार असलो, तर प्रूइट इशारा होताक्षणी बाहेरून सुसाट सुटतो. आम्ही चेंडू घेऊन पळणार असलो, म्हणजे लॉवेलने त्याला धडक द्यायची असली, तर हा बाजूला सरकतो आणि लॉवेल हवेत धडक मारून पडतो. जणू आमच्या खोलीत बसून डाव ऐकून आलाय! आम्ही खुणा बदलल्या, शब्द बदलले. काही उपयोग नाही. प्रूइटला विचारलं, तर तो म्हणतो की त्याला स्वप्नात दिसतं.

लॉवेलचे पाय आहेत तसेच चांगले आहेत. बोटांवर भार कमीजास्त पडतो का, टाच उचलते का, सगळं तपासलं. ही रीळ चाळीस वेळा पाहिली. लॉवेल रोज सराव संपला की प्रूइटचे आभार मानतो. काल हॅलोरनसाहेब जाताजाता म्हणाले की कपाटातलं सामान हळूहळू घरी न्यायला हरकत नाही.

मार्लिसला सांगितलं. तिने फक्त पोरींच्या शाळेचे गणवेश घ्यायचे थांबवले. त्याचं मला जास्त लागलं.

मी अजूनही म्हणतो की पोरगा सोन्यासारखा आहे. माझी चूक झालेली नाही. दाजींनी काढलेल्या त्याच्या शाळेतल्या रिळा लावून बघ, आणि तेव्हा काय वेगळं होतं ते मला सांग. लवकर लिही, महिनाच उरलाय.

तुझा,
आर्विड


नॉर्बी, मिनेसोटा,
१२ ऑगस्ट १९७१

चि. आर्विड यास,

अ. उ. आ. आणि आधी खाली बस.

प्रोजेक्टर चालतं. घरी भिंतीवर फुलांचा कागद आहे म्हणून चर्चच्या तळघरात चादर बांधली. बोर्गहिल्ड शिवण घेऊन आली होती, तीही बसली. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, चेंडू कुठे आहे हेही मला तिला दाखवावं लागतं. आधी शाळेतल्या रिळा पाहिल्या. काही वेगळं दिसलं नाही, तोच लॉवेल, तीच चाल. मग तुझी लावली.

पाचव्या-सहाव्या डावाला बोर्गहिल्ड सुई थांबवून म्हणाली की आता हा त्या बिचाऱ्याला त्रास देणार. आणि लॉवेल प्रूइटच्या अंगावर गेला! मी म्हटलं योगायोग. पुढच्या डावाला ती म्हणाली की आता नाही देणार. नाहीच दिला, नुसतं अडवलं. सलग अकरा वेळा तिने बरोबर सांगितलं, आर्विड, आणि मधे माझ्या बाहीला टाकेही घातले.

मी तिला हलवून विचारलं की तुला कसं कळतं. तिलाच नवल वाटलं की मला कसं कळत नाही. ती म्हणाली की पोराचं हेल्मेट बघ. नुसतं अडवायचं असलं की तो समोरच्याकडे सरळ बघतो, कारण त्यात कुणाला काही करायचं नसतं. धडक द्यायची असली की आधी नजर खाली घालतो. बाप पेडर शेजाऱ्याची शिडी मागायला येतो तेव्हा घालतो, अगदी तशी. दुसऱ्याला तसदी द्यायच्या आधी नजर खाली घालायची, हे आपल्याकडे प्रत्येकाच्या आईने शिकवलंय. लॉवेल प्रूइटची माफी मागतोय रे, धडक द्यायच्या आधी! आणि तो लबाड माणूस ते वाचतोय.

मग मी शाळेतल्या रिळा परत लावल्या. तिथे तर दोन्ही बाजूंची सगळी पोरं खाली बघत होती. ओलाफ्सनांचा मुलगा, सगळे. सगळेच माफी मागत असतील, तर कुणाला काय कळणार? कॉलेजही त्याने इथेच जवळ केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर जॉर्जियाचा माणूस आला. आणि तुला चाळीस वेळा बघून दिसलं नाही, कारण तुला त्यात वावगं काही वाटलंच नाही. मलाही वाटलं नव्हतं. बोर्गहिल्डला खेळ कळत नाही, म्हणून ती नुसती माणसं बघत होती.

आता दुसरं लिहिते. लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. ह्यांच्या पेटीत एकोणीसशे अठ्ठेचाळीसची एक रीळ निघाली, तुझ्या शेवटच्या हंगामाची. मी एकटीने लावली. आर्विड, तुझे पाय जड नव्हते. चांगले हलके होते. पण तूही प्रत्येक वेळी खाली बघत होतास, आणि समोरचा तुला बघत होता. कुणीतरी एका शब्दाने सांगायला हवं होतं. तेवीस वर्षं तू ते जड पाय घेऊन फिरलास, आणि आम्हीही त्यावरून तुझी थट्टा केली. मला फार वाईट वाटतंय, भावा.

लॉवेलला आजच सांग. त्याला लाज वाटेल, पण वाटू दे.

बोर्गहिल्ड विचारतेय की तिने बरोबर ओळखल्याचं तुमच्याकडे काही प्रमाणपत्र वगैरे देतात का. माया आहेच, ती कधी नव्हती?

तुझी ताई,
सिग्ने


ओहायो,
७ सप्टेंबर १९७१

ती. सिग्नेताईस,

सा. न. वि. वि.

माझ्याबद्दल जे लिहिलंस ते उभ्याने वाचलं आणि मग गाडीत जाऊन बसलो. रडलो, ताई. वाईट वाटून नाही, हलकं वाटून. त्याबद्दल आणखी लिहायला मला जमणार नाही, आपल्यात ते कुणालाच जमत नाही. डिसेंबरात येतो, तेव्हा ती रीळ दाखव.

लॉवेलला त्याच दिवशी सांगितलं. कानापर्यंत लाल झाला. समोरच्याच्या डोळ्यांत बघूनच धडक दे, असं बजावलं, तर त्याने विचारलं की प्रूइटसाहेबांना ते आवडेल का. दोन दिवस प्रयत्न केला, पण काही केल्या ते त्याच्या अंगी उतरेना. तेव्हा मी उलटं सांगितलं. म्हटलं, बाबा, सरसकट माफी माग. धडक असो, अडवणं असो, प्रत्येक डावाला खाली बघ. हे त्याला लगेच पटलं. तो म्हणाला की हेच जास्त सभ्यपणाचं आहे.

पुढच्या सरावाला प्रूइट चार वेळा पाठीवर पडला. चौथ्यांदा पडल्यापडल्याच हसायला लागला. मला येऊन म्हणाला की तुमच्या उत्तरेकडच्या पोरांवर दहा वर्षं पोट भरलं, आज कुणीतरी दुकान बंद केलं. हॅलोरनसाहेबांनी काय केलंस म्हणून विचारलं, तर लॉवेलचं पाऊल अर्ध्या इंचाने आखूड केलं असं मी ठोकून दिलं. बोर्गहिल्डचं नाव सांगितलं असतं तर मला दवाखान्यात नेलं असतं. त्यानंतरच्या तिन्ही सराव-सामन्यांत लॉवेलच्या बाजूने आमच्या चेंडू फेकणाऱ्याला कुणी हातही लावला नाही. रविवारी शेवटची यादी ठरली. लॉवेल ब्राटेन, डावा टॅकल, पहिल्या अकरांत. मार्लिसने गणवेश आणले.

पण कालची गोष्ट तुला सांगायची आहे. इथली रीत अशी की ज्यांना घरी पाठवायचं त्यांच्या खोलीवर सोमवारी सकाळी एक माणूस जातो आणि सांगतो की साहेबांनी बोलावलंय, डावांचं पुस्तक घेऊन या. पुस्तक मागितलं की समजायचं. मी न्याहारीला निघालो, तर माझ्या दारात लॉवेल उभा. अंगात चर्चचा सूट, हातात पट्ट्याने बांधलेली पेटी, काखेत पुस्तक. म्हणाला की त्या माणसाला तीन जिने चढावे लागतात, आणि त्याचं काम आधीच जिवावरचं, म्हणून मीच खाली आलो. जेवणाबद्दल माझे आभार मानले. यादी लागलीय, त्यात तो आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. कुणाला विचारायला तो कसा जाणार?

मी पुस्तक हातातून घेतलं. पहिल्या पानावर नावाची जागा असते, बाकीची पोरं पहिल्याच दिवशी तिथे सह्या ठोकतात. याची कोरी. सात आठवडे हे पुस्तक घेऊन तो झोपलाय, ताई, पानं झिजलीत, आणि नाव नाही. का म्हणून विचारलं, तर म्हणाला की पुढच्याला नवं मिळावं म्हणून.

मी खिशातलं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने पेन्सिल मिळेल का विचारलं. मी नाही म्हटलं. माझ्यासमोर, शाईने, पूर्ण नाव लिहायला लावलं.

तुझा,
आर्विड